विश्लेषण : हवेच्या टायरचा जनक जनावरांचा डॉक्टर! जॉन डनलॉप कोण होते? ड्युअल-स्पोर्ट दुचाकीचा टायर निवडताना ते आजही का आठवावेत?

डांबरी रस्त्यावरही धावणारी आणि मातीतही उतरणारी ड्युअल-स्पोर्ट दुचाकी आता महाराष्ट्रातल्या शहरांत सर्रास दिसते. सोमवार ते शुक्रवार कार्यालय, शनिवारी एखाद्या गडाच्या पायथ्याचे गाव आणि वर्षातून एकदा जमले तर लडाख, असा तिचा साधारण दिनक्रम. मूळ टायर झिजला की या दुचाकीच्या मालकापुढे प्रश्न उभा राहतो. पुन्हा तसाच टायर घ्यावा, की मोठमोठ्या गुट्ट्यांचा, ज्याला गॅरेजमध्ये ‘बटण टायर’ म्हणतात, तो बसवावा? ट्यूब ठेवावी की ट्यूबलेस करून घ्यावे? हवा किती भरावी? हे प्रश्न आजचे वाटतात, पण त्यातले बहुतेक सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी बेलफास्टमधल्या एका पशुवैद्यापुढे येऊन गेले होते. जॉन बॉइड डनलॉप हे त्यांचे नाव.

जॉन डनलॉप कोण होते?

डनलॉप म्हटले की आपल्याकडे आधी गादी आठवते. फोमच्या कोणत्याही गादीला डनलॉपची गादी म्हणण्याची पद्धत अनेक घरांत अजून आहे. ती गादी मात्र त्यांच्या नावाच्या कंपनीची आणि त्यांच्या मृत्यूनंतरची. स्वतः डनलॉप यांचा गाद्यांशी संबंध नव्हता आणि तारुण्यात चाकांशीही नव्हता. ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी त्यांचा जन्म झाला. एडिंबरो येथे त्यांनी पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि विशीच्या आतच ते व्यवसायात उतरले. १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. भाऊ जेम्स यांच्याबरोबर डाऊनपॅट्रिक येथे त्यांनी दवाखाना चालवला, १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी विवाह केला आणि पुढे बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर बस्तान बसवले. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांचा दवाखाना आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक झाला होता.

त्या काळी शहरातला पशुवैद्य म्हणजे मुख्यतः घोड्यांचा डॉक्टर. बेलफास्टची सगळी मालवाहतूक घोड्यांवर होती आणि मुख्य रस्ते घडीव दगड बसवलेले. लोखंडी धावेची गाडी त्यावरून गेली की प्रत्येक दगडाचा दणका गाडीला, मालाला आणि शेवटी जनावराला बसे. हवेच्या टायरचा शोध एखाद्या अभियंत्याला न लागता घोड्यांच्या डॉक्टरला लागला याचे आश्चर्य व्यक्त केले जाते. पण खराब रस्त्याचा परिणाम रोज इतक्या जवळून पाहणारा दुसरा माणूस त्या शहरात सापडणे कठीण होते.

अंगणातला प्रयोग काय होता?

१८८७ चा ऑक्टोबर. डनलॉप यांचा धाकट्या वयाचा मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवत असे. तिच्या चाकांवर तेव्हाच्या रीतीप्रमाणे भरीव रबराची अरुंद पट्टी होती. दगडी रस्त्यावर ती सायकल दणके देत चाले आणि फार जोर लावल्याशिवाय पुढे जात नसे. मुलाच्या तक्रारीवर डनलॉप यांनी जो उपाय शोधला, तो त्या वेळच्या समजुतीच्या विरुद्ध होता. चाक जितके कडक तितके ते वेगाने धावते, असे सारेच धरून चालत. डनलॉप यांनी चाक मऊ केले.

त्यांनी एक लाकडी चकती घेतली. रबराच्या पातळ पत्र्याची नळी करून ती चकतीभोवती बसवली, वरून कापड ताणून खिळ्यांनी पक्के केले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. मग ही चकती आणि जॉनीच्या सायकलचे नेहमीचे चाक दोन्ही अंगणात सोडून दिली. सायकलचे चाक थोडे पुढे जाऊन आडवे झाले. हवेची चकती मात्र अंगण पार करून फाटकाच्या खांबावर आदळली आणि उलटी फिरली.

प्रयोग एवढाच. कोणतेही मोजमाप नाही, यंत्र नाही. पण निष्कर्ष पक्का होता. मऊ चाक नुसते आरामशीर नव्हते, ते कमी कष्टात जास्त अंतर जात होते. त्यानंतर जॉनीच्या तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांवर असे टायर बसले आणि मग प्रयोगासाठी मोठी सायकल घेतली गेली.

हवेमुळे नेमके काय बदलते?

कडक चाकासमोर अर्ध्या इंचाचा खडा आला की चाकाला त्याच्यावर चढावे लागते. चाकाबरोबर सायकल आणि स्वारही तेवढे वर उचलले जातात आणि पुन्हा खाली आपटतात. या उचलण्या-आपटण्यात पुढे जाण्याची ताकद वाया जाते. हवेचा टायर खड्याला स्वतःत जागा देतो. खडा टायरमध्ये रुततो, आतली हवा दबते, टायर पुढे सरकतो आणि हवा पुन्हा मूळ आकार धरते. स्वार जवळपास त्याच उंचीवर राहतो. अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर, उदाहरणार्थ रुळांवर, कडक चाकच श्रेष्ठ. म्हणून रेल्वेला हवेचे टायर लागत नाहीत. रस्ता जितका खडबडीत, तितका हवेचा फायदा मोठा.

ड्युअल-स्पोर्टच्या टायरचा विचार इथूनच सुरू होतो. टायर चांगला की वाईट हे एकट्या टायरवरून ठरत नाही, ते खालच्या रस्त्यावरून ठरते. आणि दुकानात तासभर नक्षी पाहत बसणारे बरेच जण जी गोष्ट विसरतात, ती म्हणजे हवेचा दाब. तोच टायर वेगवेगळ्या दाबाला वेगळा टायर होतो. डांबरी रस्त्यासाठी उत्पादकाने सांगितलेला दाब या दुचाकींसाठी बहुधा २५ ते ३५ पीएसआयच्या पट्ट्यात असतो. वाळू, चिखल किंवा सुट्या दगडांत शिरण्यापूर्वी अनुभवी स्वार तो २० च्या आसपास आणतात. त्यामुळे टायर जमिनीवर जास्त पसरतो, दगडाला आकार देतो आणि घसरणे कमी होते.

याची किंमतही आहे. हवा कमी असताना टोकदार दगडावर वेगाने आदळल्यास ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. हवा फारच कमी असेल तर टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूबही ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. निव्वळ मातीत चालणाऱ्या दुचाकींना टायर रिमवर आवळून धरणारा ‘रिम लॉक’ बसवलेला असतो तो त्यासाठीच. शिवाय मातीतून डांबरावर परतल्यावर हवा पुन्हा भरावी लागते. कमी हवेच्या टायरवर महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगाने जाणे म्हणजे टायर आतून तापवून निकामी करणे. जो पंप सोबत ठेवणार नाही, त्याने हवा सोडण्याच्या भानगडीत पडू नये.

शर्यतींत काय झाले?

डनलॉप यांनी आपल्या टायरचे पेटंट १८८८ मध्ये मिळवले. पण कागदापेक्षा मैदानाने त्यांना जास्त साथ दिली. बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा कप्तान विली ह्यूम याने हवेच्या टायरची सायकल विकत घेतली. असा टायर पैसे देऊन घेणारा तो पहिला सर्वसामान्य ग्राहक मानला जातो. डनलॉप यांनी त्याला ती शर्यतीत उतरवण्याचे सुचवले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर ह्यूम ती जाडजूड चाकांची सायकल घेऊन आला तेव्हा प्रेक्षक हसले. त्याने सायकलच्या चारही शर्यती जिंकल्या. काही दिवसांनी लिव्हरपूलमध्येही एक सोडून सगळ्या शर्यती त्याच्याच झाल्या.

हरलेल्यांमध्ये हार्वे ड्यू क्रॉस यांचे मुलगे होते. ड्यू क्रॉस हे डब्लिनमधील व्यापारी आणि आयर्लंडच्या सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष. मुलांच्या पराभवावर चरफडत बसण्याऐवजी त्यांनी या टायरमध्ये पैसा दिसतो हे ओळखले. १८८९ मध्येच डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपले पेटंट कंपनीला दिले आणि बदल्यात १५०० समभाग घेतले. कंपनीचा कारभार मात्र ड्यू क्रॉस यांच्या हाती राहिला.

पेटंट का गेले?

पेटंट मिळून दोन वर्षे होत आली असताना डनलॉप यांना अधिकृतपणे कळवण्यात आले की ते वैध नाही. कारण हीच कल्पना एका दुसऱ्या स्कॉटिश माणसाने आधीच नोंदवलेली होती. रॉबर्ट विल्यम थॉम्सन याने १८४५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, हवेच्या चाकाचे ब्रिटिश पेटंट घेतले होते. पुढच्या दोन वर्षांत फ्रान्स आणि अमेरिकेतही त्याने ते नोंदवले. आत रबर लावलेल्या कॅनव्हासची नळी आणि बाहेर चामड्याचे आवरण, अशी त्याची रचना होती. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये अशा चाकांच्या घोडागाड्या चालवूनही दाखवण्यात आल्या. डनलॉप तेव्हा शाळेत जाण्याच्या वयाचे होते आणि थॉम्सनच्या कामाची त्यांना कल्पना नव्हती.

मग थॉम्सन का विसरला गेला? त्याचे टायर महाग होते, करायला किचकट होते आणि ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज पडली असती त्या सायकली अजून रस्त्यावर आलेल्याच नव्हत्या. घोडागाडीच्या मालकाला घोड्याचे कष्ट वाचवण्यासाठी एवढा खर्च करावासा वाटला नाही. स्वतः थॉम्सनही पुढे भरीव रबराकडे वळला. जाड रबरी धावांची वाफेवर चालणारी त्याची रस्त्यावरील इंजिने १८७० च्या दशकात पंजाबमध्येही आणली गेली होती. १८७३ मध्ये तो वारला. डनलॉप यांच्या वेळेला सायकलींची लाट आली होती आणि सायकल स्वतःच्या पायांनी चालवावी लागते. वाया जाणारी ताकद घोड्याची नसून आपली आहे हे कळल्यावर लोकांनी टायरसाठी पैसे मोजले.

म्हणून हवेचा टायर शोधणारा पहिला माणूस थॉम्सन आणि तो वापरात आणणारा डनलॉप, अशी विभागणी आता सर्वमान्य आहे. डनलॉप यांचे श्रेय त्याने कमी होत नाही, पण त्यांच्या हातातले कायद्याचे हत्यार मात्र गेले.

पंक्चर झाले तर काय होई?

पेटंट गेल्यावरही कंपनी टिकली ती एका वेगळ्याच कारणाने. डनलॉप यांच्या मूळ टायरमध्ये मोठा दोष होता. तो रिमला कायमचा चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे तर कापड सोडवा, रबर सोलून काढा, भोक बुजवा, सोल्युशन लावून पुन्हा चिकटवा आणि वाळेपर्यंत थांबा. तासन् तास जात. शर्यतीत जिंकणारी ही वस्तू रोजच्या वापरात डोकेदुखी होती.

१८९० मध्ये दोन सुधारणा एकापाठोपाठ आल्या. चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने टायरच्या दोन्ही कडांमध्ये न ताणणारी तार घातली, म्हणजे हवा भरली की कडा रिममध्ये घट्ट बसतात आणि हवा सोडली की टायर हाताने निघतो. विल्यम बार्टलेट याने कडा रिमच्या ओठात अडकवण्याची दुसरी पद्धत काढली. ड्यू क्रॉस यांनी दोन्हींचे हक्क कंपनीसाठी विकत घेतले. डनलॉपचे पेटंट गेले, पण या हक्कांच्या जोरावर कंपनी बाजारात वरचढ राहिली. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये आपला वेगळा होणारा टायर आणला आणि त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सायकल शर्यत त्या टायरवर जिंकली गेली. आज कोणत्याही दुचाकीचा टायर पान्याने रिमवरून उतरवताना जी कडक कडा हाताला लागते, तिच्यात वेल्चची तार आहे.

ड्युअल-स्पोर्टच्या मालकापुढचा ट्यूब की ट्यूबलेस हा प्रश्नही पंक्चरच्या या जुन्या भीतीतूनच येतो. या दुचाकींना बहुधा तारांची, म्हणजे स्पोकची चाके असतात, कारण दगडावर आदळल्यावर ती तुटण्याऐवजी दबतात. पण प्रत्येक स्पोकसाठी रिमला भोक असते, त्यामुळे साध्या स्पोक रिममध्ये ट्यूब लागतेच. ट्यूबमध्ये खिळा घुसला की हवा झपाट्याने जाते आणि चाक काढल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतून राहिला तर हवा हळूहळू जाते आणि बाहेरूनच प्लग मारून दहा मिनिटांत पुढे निघता येते. महामार्गावर वेगात असताना हा फरक जिवाचा ठरू शकतो.

म्हणजे ट्यूबलेस केव्हाही चांगले? डांबरावर होय. मातीत मात्र रिमची कडा दगडाने वाकली तर ट्यूबलेस टायर हवा धरत नाही आणि मग रानात ट्यूब घालूनच घरी यावे लागते. स्पोक असूनही ट्यूबलेस असलेली खास बनावटीची चाके आता मिळतात, ती महाग असतात. साध्या रिमच्या भोकांवर चिकटपट्टी लावून तिला ट्यूबलेस करून देणारे कारागीरही आहेत. हे काम नीट झाले नाही तर धोका स्वाराचा. ट्यूबच ठेवायची असेल तर नव्या टायरबरोबर नवी ट्यूब आणि रिमपट्टी घ्यावी. जुनी ट्यूब वाचवण्यात होणारी बचत घाटात रात्री आठ वाजता फार महाग पडते.

मग बटण टायर घ्यावा का?

दुकानदार आणि जाहिराती टायरची विभागणी टक्क्यांत करतात : ९०/१० म्हणजे नव्वद टक्के डांबर, दहा टक्के माती, ५०/५० म्हणजे निम्मे-निम्मे. हे आकडे कोणत्याही प्रमाणित चाचणीतून येत नाहीत. तो उत्पादकाचा अंदाज असतो, त्यामुळे एका कंपनीचा ५०/५० दुसरीच्या ७०/३० सारखा निघू शकतो. नक्षीकडे पाहिलेले बरे. गुट्ट्या उंच आणि त्यांच्यातील फट मोठी असेल तर टायर चिखलात खोल रुततो आणि फिरताना फटीतला चिखल झटकून टाकतो. फटी अरुंद असतील तर त्या चिखलाने बुजतात आणि टायर गुळगुळीत होतो. आपल्याकडची पावसाळ्यातली लाल चिकट माती हे काम दोन मिनिटांत करते.

डांबरावर हिशेब उलटा होतो. रस्त्याला टेकते ते फक्त गुट्ट्यांचे डोके, म्हणजे रबर कमी आणि पोकळी जास्त. ब्रेक लावला की उंच गुट्ट्या वाकतात. वळणावर दुचाकी किंचित डुलल्यासारखी वाटते. ओल्या डांबरावर थांबायला जास्त अंतर लागते. आवाज वाढतो आणि टायर लवकर ‘टकला’ होतो, विशेषतः मागचा. वर्षातून चार वेळा मातीत जाणाऱ्याने रोज ठाणे ते अंधेरी बटण टायरवर प्रवास करणे हा सरळसरळ चुकीचा सौदा आहे. दुचाकी दिसायला दणकट होते, इतकेच.

खरा हिशेब मागच्या वर्षभराच्या किलोमीटरचा करावा, पुढच्या वर्षीच्या स्वप्नांचा नव्हे. शंभरातले नव्वद किलोमीटर डांबर असेल तर रस्त्याकडे झुकलेला, पण खोल खाचांचा टायर पुरेसा. त्यावर कच्चा रस्ता, खडी, गावाकडचा मुरूम आरामात निघतो. दर आठवड्याला रानवाटांवर जाणाऱ्याला मात्र ५०/५० शिवाय पर्याय नाही, आणि त्याने वेग व झीज या दोन्ही बाबतींत तडजोड स्वीकारली पाहिजे. दोन्ही टोकांच्या मधला एक मार्ग अनेक अनुभवी स्वार वापरतात : पुढे जास्त गुट्ट्यांचा आणि मागे रस्त्याचा टायर. मागचे चाक घसरले तर बहुतेक वेळा सावरता येते, पुढचे घसरले की माणूस आडवा होतो. म्हणून मातीतली पकड आधी पुढच्या चाकाला द्यायची.

टायरच्या बाजूला काय लिहिलेले असते?

आधी माप. हिरो एक्सपल्स २०० चे उदाहरण घेतले तर पुढचा टायर ९०/९०-२१ आणि मागचा १२०/८०-१८. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के ते. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. पुढचे २१ इंची चाक खड्ड्यात न अडकता त्यावरून सरकते, म्हणून या जातीच्या दुचाकींना ते असते. रुबाबासाठी मागे जास्त रुंद टायर बसवण्याचा मोह टाळावा, कारण ठरावीक रुंदीच्या रिमवर जास्त रुंद टायर चिमटल्यासारखा बसतो आणि त्याचा आकार बिघडतो.

मापापुढचा आकडा वजनाचा आणि अक्षर वेगाचे. ५४ म्हणजे तो टायर २१२ किलो पेलतो, ६५ म्हणजे २९० किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०. दोघे जण, सामानाच्या पेट्या आणि पेट्रोलचा कॅन घेऊन स्पितीला निघणाऱ्याने वेगापेक्षा वजनाचा आकडा आधी पाहावा. चार अंकी शिक्का निर्मितीचा असतो : पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२४’ म्हणजे २०२४ मधला तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणाऱ्या टायरवर हा शिक्का आवर्जून शोधावा, कारण रबर दुकानात पडून राहिले तरी कडक होत जाते. बाण दिसला तर तो फिरण्याच्या दिशेचा, आणि घाईत टायर उलटा बसवणारे कारागीर कमी नाहीत.

पैसा कोणाला मिळाला?

१८९४ मध्ये कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली मोटरसायकल जर्मनीत विक्रीला आली, ती हवेच्या टायरांवर. मोटारींनीही तेच स्वीकारले. टायरचा व्यवसाय फुगत असताना डनलॉप मात्र त्यातून बाहेर पडत होते. कंपनीशी मतभेद होऊन १८९५ च्या सुमारास त्यांनी संबंध तोडला. १८९६ मध्ये अर्नेस्ट टेरा हूली या दलालाने कंपनी ३० लाख पौंडांना घेतली आणि लगेच ५० लाख पौंडांना बाजारात पुन्हा विकली. डनलॉप यांचे नाव कंपनीला लागले, पण या व्यवहारातली संपत्ती त्यांच्याकडे आली नाही. उरलेले आयुष्य त्यांनी डब्लिनमध्ये एका कापड दुकानाच्या व्यवसायात लक्ष घालून काढले. ते गरीब नव्हते. पण त्यांच्या शोधावर जे श्रीमंत झाले त्यांच्या तुलनेत त्यांच्या वाट्याला फारच थोडे आले.

किंमत मोजणारे आणखीही होते आणि त्यांचा उल्लेख टायरच्या गौरवगाथांत क्वचित येतो. सायकलींच्या आणि नंतर मोटारींच्या टायरमुळे रबराची मागणी अचानक वाढली. तेव्हा बरेचसे रबर जंगली झाडावेलींपासून मिळे. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या ताब्यातील काँगोत ते गोळा करण्यासाठी गावेच्या गावे वेठीला धरली गेली, ठरलेले रबर न आणणाऱ्यांचे हात तोडले गेले, असंख्य माणसे मेली. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट यांच्या १९०४ मधील अहवालाने ही क्रूरता जगासमोर आणली. केसमेंट जन्माने आयरिश होते. डनलॉप यांचा या अत्याचारांशी थेट संबंध नव्हता, पण मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या वस्तूची मागणी तिथवर पोहोचली होती.

म्हातारपणी त्यांना आपल्याच नावाच्या कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. कंपनी जाहिरातींत त्यांचा दाढीधारी चेहरा वापरत असे. पुढे त्या चेहऱ्याखाली उंच टोपी आणि छानछोकीचे कपडे घातलेले शरीर चिकटवले गेले. आपली टिंगल होते आहे, असे डनलॉप यांचे म्हणणे होते. हा वाद लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हवेच्या टायरचा इतिहास सांगणारे त्यांचे पुस्तक त्यानंतर प्रसिद्ध झाले. उत्तर आयर्लंडच्या नॉर्दर्न बँकेने पुढे दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला, या वेळी टोपीशिवाय.

भारतात डनलॉप हे नाव कसे रुजले?

बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉप कंपनीचा कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला. तो आता बंद आहे आणि डनलॉप हे नाव जगभरात वेगवेगळ्या मालकांमध्ये वाटले गेले आहे. आज भारतीय ड्युअल-स्पोर्ट दुचाकींवर कारखान्यातून बसून येणारे टायर बरेचदा सिएटचे असतात. ती कंपनी मूळची इटलीतल्या तुरीनची. भारतात ती १९५८ मध्ये आली आणि तिचा भांडुपचा कारखाना मुंबईकरांना ठाऊक आहे.

पण महाराष्ट्रात डनलॉप हा शब्द दुचाकीपेक्षा बैलगाडीने जास्त टिकवला. लाकडी चाक आणि लोखंडी धाव जाऊन रबरी टायर आले, तेव्हा अनेक गावांत अशा गाडीलाच ‘डनलॉप’ म्हणू लागले, टायर मग कोणत्याही कंपनीचा का असेना. ऊस पट्ट्यात कारखान्यांनी तोडणी कामगारांना अशा गाड्या दिल्या. लोखंडी धावेची गाडी मातीत रुतायची आणि रस्ता फोडायची, टायरची गाडी तेवढाच ऊस बैलांना कमी ओढ देऊन नेते. हेच घोड्यांच्या डॉक्टरला बेलफास्टमध्ये अभिप्रेत असणार. प्रत्यक्षात झाले असे की गाडी हलकी चालते म्हटल्यावर तिच्यात ऊस जास्त भरला जाऊ लागला. हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाने शिगोशीग भरलेल्या गाड्यांची रांग लागते, चढावर बैलांचे गुडघे वाकतात, आणि बैलांना वाचलेले कष्ट वाढीव उसात पुन्हा लादले गेलेले दिसतात.